खिशातला खेकडा

पेटीत चाकू पडला तेव्हा टण्ण असा आवाज झाला आणि तपासनीसाला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की चार पावलं पुढे गेल्यावर त्याला त्या बरं वाटण्याचीच शिसारी आली. घडलं होतं ते एवढंसं. कंपनीच्या दारात त्याच आठवड्यात बॅगा तपासायचं यंत्र बसलं होतं, आणि नवा न्हावी जसा दिसेल त्याचं डोकं धरतो तसा गेटवरचा गार्ड दिसेल त्याची बॅग धरत होता. “साहेब, आत चाकू दिसतोय,” तो म्हणाला. “वडिलांचा आहे. संध्याकाळी दुरुस्तीला टाकायचाय.” “वडिलांचा असो नाहीतर खापरपणजोबांचा, आत जायचा नाही. बाहेर कुणाकडे ठेवून या, नाहीतर या पेटीत टाका. पेटीतलं परत मिळत नाही, ते आधीच सांगतो. मागून बोंब नको.” समोर रस्त्यापलीकडे झेरॉक्सवाला होता. रोजच्या ओळखीचा माणूस. चाकूच काय, हत्ती बांधून गेलं असतं तरी त्यानं संध्याकाळपर्यंत सांभाळला असता. हे तपासनीसाला ठाऊक होतं. ठाऊक असूनच त्यानं खिशातून हातरुमाल काढला, मेलेल्या उंदराची शेपटी धरावी तसा रुमालानं तो चाकू बॅगेतून उचलला, आणि पेटीच्या फटीतून आत सोडला. आत कातऱ्या, लायटर, नेलकटर असं लोकांच्या खिशांचं पोट साफ होऊन पडलेलं होतं. त्यात बापाचा चाकू गेला. टण्ण. आणि जिभेवर साखर ठेवल्यासारखं वाटलं.

तपासनीस म्हणजे पोलिसांतला नव्हे. तो बिस्किटं आणि जॅम करणाऱ्या कंपनीत तक्रार विभागात होता. गिऱ्हाइकांना खाण्यात जे जे सापडे ते ते ही माणसं पाकिटात घालून कंपनीला पाठवत, आणि ते पाकीट उघडायचं काम या गृहस्थाकडे. केस, नखं, बटणं, अळीचा अर्धा भाग. अर्धा भाग आला की तपासनीसाला पहिल्यांदा उरलेल्या अर्ध्याचीच आठवण व्हायची, आणि मग दुपारचा डबा तसाच घरी परत जायचा. एका बाईंनी मिशीचा केस पाठवून लिहिलं होतं, की एकतर या माणसाची मिशी उतरवा, नाहीतर याला कामावरून उतरवा. एका पेन्शनर गृहस्थांनी जॅमच्या बरणीत सापडलेली दातांची अख्खी कवळी पाठवली होती. महिनाभर कारखाना उलथापालथा केल्यावर ती त्यांचीच निघाली, तर म्हणाले, ठीक आहे, कवळी मिळाली, पण त्या बरणीचे पैसे? अशा कामात माणूस एकतर दगड होतो, नाहीतर नाक होतो. हा नाक झाला होता. ऑफिसात त्याला तेच म्हणत. “नाक आलं रे, डबे झाका.” ग्लास वास घेऊन प्यायचा, दाराची मूठ कोपरानं उघडायचा, आणि खिशात किल्ली आणि दोन रुमाल यांपलीकडे काही ठेवायचा नाही. दुसरा रुमाल पहिल्या रुमालाला हात लागू नये म्हणून. खिसा म्हणजे अंगाला शिवलेली कचऱ्याची टोपली, असं त्याचं मत होतं. आणि हे मत त्याला बापाच्या खिशानं दिलं होतं.

बाप गोदामावर मुकादम होता. दिवसभर पोत्यांच्या पोटात तो चाकू खुपसून धान्य बघायचा, सुतळ्या कापायचा, खोक्यांच्या पट्ट्या फाडायचा. हाडाच्या मुठीचा जाडजूड चाकू; त्याच्या पोटात दाभण, पेचकस, झाकण उघडायचा आकडा, आणि चिमटीत मावेल असं एक कानकोरणं. त्या चाकूच्या गोष्टी बाप सांगायचा त्या ऐकाव्यात. याच चाकूनं त्यानं म्हणे हमालाची दाढ काढली होती, आणि ती इतकी सुरेख निघाली की हमालानं शेजारची चांगली दाढही काढून मागितली. याच चाकूनं लिफ्ट उघडली होती, मालकाच्या बायकोची अंगठी बोटातून सोडवली होती, आणि एकदा तर चालत्या मालगाडीचा डबा – पण ते जाऊ द्या. पोराला त्या गोष्टींतलं शौर्य कधी दिसलंच नाही. त्याला दिसायचा रविवार. रविवारी सकाळी बाप खिडकीशी बसून बादलीत पाय बुडवायचा, मग खाली वर्तमानपत्र पसरायचा आणि टाचेवरचं कुरूप तासायला घ्यायचा. साबणाच्या वडीचे निघावेत तसे पातळ पिवळट काप निघत, काही कागदावर पडत, काही उडून फरशीवर जात, आणि पोर भिंतीला पाठ लावून तो प्रत्येक काप कुठे पडला ते बघून ठेवी, पुढे चुकून पाय पडू नये म्हणून. सगळं झालं की बाप चाकू पँटच्या मांडीवर इकडून तिकडून पुसायचा. कट्ट. मग पुन्हा कट्ट. चाकू घसा साफ करतोय असं पोराला वाटायचं. आणि लगेच आरोळी: “चला, फळ कोण खाणार?” पहिली फोड आईची. ती ओट्यापासून हात पुसत यायची, चाकूच्या टोकावरची फोड ओठांनी अलगद उचलायची आणि डोळे मिटायची. तिचं ते डोळे मिटणं पोराला बापाच्या टाचेहून किळसवाणं वाटे. बाप तर बापच, पण आई? त्या ओठांनी ती रात्री आपल्या कपाळाला – आणि मग रात्री ती पलंगाशी आली की पोर उशीत तोंड खुपसून झोपेचं सोंग घ्यायचं. ते सोंग पुढे इतकं अंगवळणी पडलं की आई यायची बंद झाली, आणि ती यायची बंद झाली हेही त्याच्या ध्यानात उशिराच आलं.

एकदा घरी पाहुणे होते. नासपतीची फोड टोकावर धरून बाप चारचौघांत म्हणाला, “हं, आता आमचे चिरंजीव.” फोड पांढरी, ओली, चमकदार. तिच्यामागे पात्याचं टोक. त्या टोकामागे, पोराला स्वच्छ दिसली, टाच. पोर बापाच्या नव्या बुटांवर ओकलं. पाहुणे पाय वर घेऊन बसले.  बापानं बूट पुसले आणि त्या दिवसानंतर पोरापुढे फोड कधी धरली नाही. आपण जिंकलो असं पोराला वाटलं. रविवारची फळंही कमी झाली. संध्याकाळी आईबाप त्याला घरी ठेवून दोघंच फिरायला जायला लागले, आणि परत आल्यावर आईची बाही चिकट असायची, हे त्याला आठवत होतं. का असायची हे त्यानं कधी विचारलं नाही. चिकट वस्तूंची चौकशी तो करत नसे.

तर असा तो चाकू. आई गेल्यावर बाप याच्याकडे राहायला आला, तो एक ट्रंक, एक काठी आणि शर्टाच्या वरच्या खिशात हा चाकू घेऊन. तपासनीस जेवताना त्या खिशासमोर बसायचा नाही, तिरका बसायचा. आणि मग गेल्या आठवड्यात बापानंच चाकू काढून त्याच्या हातात दिला. “स्प्रिंग सैल झालीय, बाळ्या. पातं मध्येच मिटतं. नीट करून आण. अंगठ्याचं नख रुततंय, त्याला हात घालायचाय.” पन्नाशी उलटलेल्या माणसाला बाळ्या म्हणणारं जगात आता एवढं एकच तोंड उरलं होतं. बाळ्यानं चाकू नेला, आणि काय केलं ते आपण पाहिलंच.

संध्याकाळी बापानं विचारलं, “काय म्हणाला दुरुस्तीवाला?” “बघतो म्हणाला.” दुसऱ्या दिवशी: “काय म्हणाला?” “स्प्रिंग मिळत नाही म्हणाला. शोधतोय.” खोटं बोलायला सोपं असतं, वाढवायला जड.  बापाचा हात नुसता शर्टाच्या खिशाकडे जायचा, खिसा चाचपायचा, आणि आपण कशासाठी आलो ते विसरलेल्या माणसासारखा तिथंच थांबायचा. पाकीट आलं, हात खिशाकडे. सुटलेला धागा दिसला, हात खिशाकडे. मग तो हात मांडीवर परत यायचा. हळूहळू त्याच्या गोष्टी बंद झाल्या. ज्यानं चालत्या मालगाडीचा डबा एकट्यानं सोडवला होता तो माणूस जेवणाच्या टेबलावर “हं” आणि “नको” एवढंच बोलायला लागला. पाय ओढत चालायला लागला. अंगठा लाल झाला, मग जांभळट. “अहो, नखच आहे ना?” बायको म्हणाली. “मी कापते म्हटलं, तर म्हणतात, सूनबाई, तू माझ्या पायाला हात लावायचा नाही. नर्सला बोलावते म्हटलं, तर म्हणतात, माझं नख माझ्या चाकूनं. त्या दुरुस्तीवाल्याला जरा दम द्या की. चाकू आहे की रणगाडा? आणि हे असंच राहिलं ना, तर पाय कापायची वेळ येईल, मग बसा नाक धरून.” बायकोला जे माहीत नव्हतं त्यावर ती नेमकं बोट ठेवायची. ही तिची जुनी खोड.

तेव्हा तो पुन्हा गेटवर गेला. “त्या पेटीतल्या वस्तू…” “पेटी? ती परवाच रिकामी झाली, साहेब. भंगारवाला घेऊन गेला. वितळवतात म्हणे सगळं एकत्र.” “आणि मग?” “मग काय? चमचे करत असतील.” गार्ड आपल्याच विनोदावर खूश होऊन हसला. दुपारी कॅन्टीनमध्ये तपासनीसानं चमचा उचलला आणि त्याच्या खोलगट पोटात त्याला आपला चेहरा उलटा दिसला. त्या उलट्या चेहऱ्यामागे टाच होतीच. म्हणजे आता तो चाकू सगळ्या चमच्यांत गेला. एका खिशात होता तो सगळ्यांच्या तोंडात आला. त्यानं चमचा ठेवला, हातानं खायला घेतलं, मग हाताकडे पाहिलं आणि ताटच सरकवलं. शेजारचा म्हणाला, “काय झालं, नाक?” “काही नाही. अर्धा दिवस रजा घेतोय.”

सहलीचं सामान विकणारं दुकान होतं ते. तंबू, दोर, बॅटऱ्या, आणि काचेच्या कपाटात निळ्या मखमलीवर मांडलेली खिशात मावणारी हत्यारं. मिटलेली असताना कशी सभ्य दिसत होती. काउंटरवरच्या पोरीनं त्यातलं एक उचलून पिसारा फुलवला तर अंगाअंगातून कातरी, करवत, कानस, पक्कड असं निघायला लागलं, आणि तपासनीसाला पालथ्या पडलेल्या किड्याचे पाय आठवले. “रोज जवळ बाळगायचंय का, काका? मग आधी वजन बघा. जड घेतलं की खिसा ओढला जातो आणि पँट खाली येते. मागच्या आठवड्यात एकांची आली, इथंच.” काका म्हटल्याचा त्याला राग आला, पँटची कल्पना करून किळस आली. “काय काय काम करणार आहात त्यानं?” काय सांगणार? म्हाताऱ्याच्या अंगठ्याचं नख मांसात रुतलंय, आणि ते काढायला मी त्याचा चाकू फेकून तुझ्या दुकानात आलोय? “फळं कापायची आहेत,” तो म्हणाला. “मग पक्कड कशाला?” “कठीण फळं आहेत.” पोरगी गालातल्या गालात हसली आणि तिनं एकेक पुढे ठेवायला सुरुवात केली. एक पत्त्याएवढं चपटं होतं. पाकिटात, नोटांना घासत राहणारं, आणि नोटा म्हणजे तर जगाच्या घामाची चोपडी. एक किल्लीच्या जुडग्यात अडकवायचं होतं, बोटभर, त्याला नखानं ओढून उघडावं लागे. नखातलं सगळं त्या खाचेत जाणार. एक लाकडी मुठीचं होतं, देखणं; पण लाकूड पितं. घाम पितं, रस पितं, पू पितं. तो प्रत्येक हत्यार उजेडात धरून सांध्यांत बघत होता. इथं अडकेल. इथं साचेल. इथं ब्रश पोचणार नाही. माणसं बाहेरून चकाकतात ती अशीच, सांध्यांत मात्र – असा विचार करत असतानाच शेजारी अर्ध्या चड्डीतलं एक पोट सुटलेलं गिऱ्हाईक आलं, त्यानं मखमलीवरच्या एका नमुन्यातून पांढरं दातकोरणं उपसलं, मागची दाढ सावकाश कोरली, टोकावर काय आलं ते उजेडात बघितलं, आणि दातकोरणं पुन्हा जागच्या जागी खोचून बॅटरी किती म्हणून विचारायला निघून गेलं.

तपासनीसानं काउंटरची कड धरली. “बंद डब्यातलं दाखवा,” तो म्हणाला, “कुणाचा हात न लागलेलं.” “सगळं एकच असतं हो, काका.” “नसतं.” पोरीनं फळीवरून दोन डबे काढले. “हे बघा. हे दोन पात्यांचं. बरेच लोक हेच नेतात. एक पातं नाजूक कामाला, दुसरं रांगड्या.” “नको. पाती दोन म्हणजे घाण दुप्पट.” “मग हे घ्या. पक्कड, कातरी, कानस, सगळं आहे, पातं एकच. अख्खं पोलादी, लाकूड नाही, प्लॅस्टिक नाही. अठरा कामं करतं.” “उकळता येईल?” ती त्याच्याकडे बघत राहिली. “आजवर कुणी विचारलं नव्हतं. येईल की. चवीपुरतं मीठ घाला.” त्यानं ते घेतलं. बाहेर येऊन खिशात टाकलं आणि पहिल्यांदाच त्याच्या मांडीला खिशातून एक वजन लागलं; गार, मग हळूहळू त्याच्याच अंगाच्या उबेनं कोमट. बापाच्या अंगाला जन्मभर हेच लागत असेल. चालताना ते आपलं आपण हलत होतं. कोपऱ्यावर फळवाला होता. फळं कापायची आहेत असं पोरीला सांगून झालं होतं; तेवढं तरी खोटं खरं करावं म्हणून म्हणा, किंवा जीभ दुखऱ्या दाताकडेच जाते तसं म्हणा, त्यानं नासपती उचलली. जन्मात पहिल्यांदा. फळवाल्यानं ती आपल्या बंडीला पुसून दिली.

बाप खिडकीशी बसला होता, पाय स्टुलावर, मोजा काढलेला. तपासनीसानं उकळून, पुसून, निववून ते हत्यार त्याच्या हातात दिलं. म्हाताऱ्यानं वजन बघितलं, उलटं केलं, कानाशी नेऊन हलवलं. मग थरथरत्या बोटांनी एकेक अवयव ओढून बाहेर काढला, आणि सगळे बाहेर आल्यावर ते लांब धरून म्हणाला, “हा तर खेकडा रे.” कित्येक दिवसांत एवढं लांब वाक्य त्याच्या तोंडून आलं नव्हतं. “खिशात ठेवायचा का याला? चावला नको तिथं, तर?” “पक्कड आहे त्याला, बाबा. नखाला चांगली.” “आणि माझा?” “दुरुस्तीवाला म्हणाला, स्प्रिंग मिळतच नाही आता.” बापानं त्याच्याकडे बघितलं. गोदामात पोत्याकडे बघायचा तसं. चाकू खुपसायच्या आधी. “मेला म्हण की सरळ,” तो म्हणाला, आणि खेकडा परत देऊन स्टुलावर पाय जरा पुढे सरकवला. “हात थरथरतो माझा. तूच काप.”

बादली आली, कोमट पाणी आलं, खाली वर्तमानपत्र आलं. सगळं जिथल्या तिथं, फक्त माणसं उलटी बसलेली. तपासनीसानं पाय हातात घेतला. ओल्या पोत्याचा, आंबलेल्या पिठाचा वास होता. कारखान्यात असा वास आला असता तर त्यानं अख्खी खेप परत पाठवली असती. नख शिंगासारखं, पिवळं, थरावर थर चढलेलं, कडेला भुरभुरणारं. टाचेवर जुन्या कुरुपाचा डोळा अजून उघडाच होता. त्यानं श्वास तोंडानं घ्यायला सुरुवात केली आणि पक्कड लावली. पहिला तुकडा तुटला तो उडून थेट त्याच्या खालच्या ओठाला येऊन चिकटला. दोन्ही हात गुंतलेले. थुंकावं तर बापाच्या पायावर, चाटावं तर – त्याच्या पोटातून काहीतरी वर आलं, घशाशी थांबलं, त्यानं ते गिळलं. कॅन्टीन, चमचा, मखमल, दाढ, आईचे मिटलेले डोळे, सगळं त्याबरोबर गिळलं. ओठावरचा तुकडा तसाच राहिला. “दुखतंय का?” त्यानं ओठ न हलवता विचारलं. “मला? तुलाच दुखतंय असं वाटतंय,” बाप म्हणाला. मग तपासनीसानं पात्याचं टोक घेऊन रुतलेला कोपरा मांसातून हळूच उचलला. पांढरट थेंब आला, मागून लाल. आणि म्हातारा “हां…” म्हणाला. इतकं लांब, इतकं सुखाचं, की खोलीतली हवाच सैल झाली. त्याचा पाय एकाएकी जड होऊन मुलाच्या तळहातात विसावला, झोपलेलं पोर खांद्यावर जड होतं तसा.

“गोदामात एक हमाल होता,” बाप म्हणाला, “त्याचं नख असंच वाढलेलं. कापलं तर आत गव्हाचा दाणा. रुजलेला. दोन पानं फुटलेली.” “काहीतरीच, बाबा.” “मी स्वतः पाणी घातलं त्याला.” गोष्टी परत आल्या होत्या. तपासनीस हसला, ओठावरचा तुकडा तेव्हा पडला. त्याला वाटलं, झालं. एवढंच होतं का ते? एवढ्यासाठी आपण जन्मभर तिरके बसलो? अंगात एक खुळं बळ आलं होतं. त्यानं पातं मांडीवर पुसलं, इकडून, तिकडून, बाप पुसायचा तसंच. पँटवर एक ओलसर डाग उठला आणि त्याला त्याचं काही वाटलं नाही. पिशवीतून नासपती काढली आणि चिरली.

“नासपती?” बाप म्हणाला. “तुला तर आवडत नाही.”

“कोण म्हणालं?”

“अरे, माझ्या नव्या बुटांवर ओकलास की, एवढ्या पाहुण्यांसमोर. तेव्हापासून मी नासपती घरात आणली नाही. तुला वासही नको यायला म्हणून. तुझ्या आईला काय आवडायची! मग तिला संध्याकाळी बाहेर न्यायचो आणि बागेतल्या बाकावर बसून कापून द्यायचो, चोरासारखं. लोकांना वाटायचं, दोघं पळून आलेत. परत येताना म्हणायची, बाळ्याला कळू देऊ नका हं, त्याला मळमळेल.”

चिकट बाही. तपासनीसाचा हात फोडीवर थांबला.   मग त्यानं जे जन्मभर घेता आलं नव्हतं ते द्यायचं ठरवलं. फोड पात्याच्या टोकावर घेतली, पांढरी, ओली, चमकदार, आणि बापापुढे धरली.

बाप मागे सरकला. खुर्चीच्या पाठीला टेकला, हनुवटी आत ओढली, ओठ घट्ट मिटले. “शी!” तो म्हणाला. “ह्याच पात्यानं?”

“पुसलं की, बाबा.”

“पुसलं म्हणजे? पायात होतं ते आत्ता! दुसरं पातं काढ.”

“दुसरं नाही याला.”

“नाही?” म्हाताऱ्यानं खेकडा त्याच्या हातातच उलटासुलटा करून बघितला. “अठरा नांग्या आणि पातं एक? मग पायाचं कुठलं नि तोंडाचं कुठलं? कुणी गाढवानं बनवलाय हा? माझ्याला दोन होती. धाकटं पायाचं, मोठं फळाचं. पोत्याला दाभण, सुतळीला-पट्टीला धाकटंच. मोठं पातं दुसरीकडे लावायची माझी छाती नव्हती. तुझ्या आईनं लग्न झाल्या झाल्या ठरवून दिलेलं. ती काय पायाचं पातं तोंडाला लावील? रात्रीचं भांडं सकाळी दोनदा विसळणारी बाई ती. तुझं हे नाक आलंय कुणाकडून? तिच्याचकडून.”

कट्ट. मग पुन्हा कट्ट. एक मिटलं, एक उघडलं. एवढंच होतं ते. आणि पोर तेव्हा भिंतीला पाठ लावून फरशीवरचे काप बघत होतं. आई डोळे मिटून स्वच्छ पात्यावरची स्वच्छ फोड खात होती, आणि रात्री तेच ओठ घेऊन पलंगाशी येत होती, आणि उशीत तोंड खुपसलेलं होतं. दाखवायला तो चाकू असता तर दोन्ही पाती शेजारीशेजारी उघडून बघता आली असती. म्हातारा थापाड्या आहे, ही त्याची आणखी एक थाप असेल, असं तरी म्हणता आलं असतं. पण चाकू आता गावभर चमच्यांत वाटला गेला होता. पुरावा पेटीत पडताना टण्ण वाजला होता, आणि त्याला बरं वाटलं होतं.

“टाकून दे ती फोड,” बाप म्हणाला. “धू तो खेकडा आणि दुसरी काप.”

तपासनीसानं फोड बघितली. कडेला एक बारीकशी गुलाबी रेघ होती. त्याच्या नाकाला सगळं कळत होतं: ओलं पोतं, आंबलेलं पीठ, पोलाद, आणि या सगळ्याखाली कुठेतरी लांब, बागेतल्या बाकावरची गोड नासपती. पोटानं नाही म्हटलं. नाकानं नाही म्हटलं. त्यानं टोकावरची फोड ओठांनी अलगद उचलली आणि डोळे मिटले.

“अरे! अरे, थुंक! थुंक ते!” म्हातारा काठी शोधत अर्धा उठला, चेहरा वाकडा करून, नाकाला शर्टाची बाही लावून. “शी शी शी… सूनबाई, अगं बघितलंस का याला? पन्नाशीचा घोडा झाला! कुठून लागल्या रे तुला असल्या घाणेरड्या सवयी? आमच्या घरात असलं कुणी करत नव्हतं.”